धंदा गावाला गेलाय

“याक?”

दोन्ही कोपरं माझ्या टेबलावर टेकवून, मान पुढं काढून अण्णा एवढंच विचारायचे. याक म्हणजे कन्नडमध्ये ‘का’. बाकी सगळं मराठीत बोलतील, पण हा एक प्रश्न कायम आईच्या भाषेत. भवानी पेठेतल्या माझ्या ऑफिसात लोक येतात ते कागद टाकून, सही करून पळायच्या घाईनं. कर सल्लागाराकडं हौसेनं रेंगाळणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी एकच पाहिला.

अण्णा कुंभारीत राहायचे. बोअरमध्ये बंद पडलेली मोटर वर काढायची, दुरुस्त करायची आणि परत खाली सोडायची, हे त्यांचं काम. तीन पायांचा लोखंडी घोडा, त्याला टांगायची कप्पी, साखळी, आणि हे सगळं वाहून नेणारा एक खडखडा टेम्पो. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या ग्रामपंचायती. गावाचं पाणी बंद पडलं की ग्रामसेवकाचा फोन यायचा आणि अण्णा मेहुण्याला हाक मारून निघायचे. ताटावर बसले असले तरी हात धुवून उठायचे, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, सांगायच्या. सांगताना चिडायच्या, पण त्या चिडण्यात थोडी ऐटही असायची.

मग सरकारी कामांवरच्या कराचे नियम बदलत गेले आणि पंचायतींनी अण्णांना सांगितलं, जीएसटी नंबर नसेल तर आता तुमचं बिल घेता येणार नाही. खरं तर एवढ्या लहान धंद्याला नंबराची सक्ती नव्हती. पण ऑफिसातल्या माणसाला कायद्यापेक्षा रिकामा रकाना जास्त टोचतो. म्हणून अण्णा माझ्याकडं आले.

“वकीलसायेब, कर कशावर हाय? माझ्या हातावर का पाइपावर?”

मी वकील नाही, हे सांगून मी थकलो होतो. पंचायतीच्या पाण्याच्या कामात नुसती मजुरी असेल तर कर नाही, पण नवी मोटर, नवा पाइप तुम्ही घातलात तर आहे, असं मी समजावलं.

“म्हंजी हात सुटला आन पाइप घावला?”

“तसंच.”

“याक?”

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणण्याऐवजी मी चहा मागवला.

अर्ज भरताना धंद्याची मुख्य जागा विचारली, तर म्हणाले, “जितं बोर बंद पडलंय तितं.”

“असा पत्ता चालत नाही, अण्णा. घराचा घालू.”

“घाला की. पण तितं काय धंदा न्हाय. तितं मी जेवतो आन झोपतो.”

मी हसलो आणि कुंभारीचा पत्ता घातला.

या माणसाचा धंदा असतो तरी कसा, ही उत्सुकता मला गप्प बसू देईना. एकदा त्यांच्यासोबत टेम्पोतून अक्कलकोटच्या बाजूला एका गावात गेलो. सरपंचांनी आल्याआल्या चहा पुढं केला. मी कप उचलला, अण्णांनी नाही. पाणी वर येईपर्यंत त्या गावातलं काही तोंडात घालायचं नाही, ही त्यांची रीत. घोडा उभा राहिला, एकेक पाइप वर येऊ लागला. ऊन मी म्हणत होतं. मोटर परत आत जाऊन पाणी उसळलं तेव्हा दुपार कलली होती. बायका घागरी घेऊन धावल्या. अण्णांनी सरपंचांकडं पाहिलं आणि म्हणाले, “आता द्या. लई साखर घाला.” मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडू लागला.

वर्षभरानं नोटीस आली. कर खात्याचे अधिकारी दिलेल्या पत्त्यावर धंदा पाहायला गेले होते. दाराला कुलूप. धंदा दिसत नाही, तर नंबर रद्द का करू नये, असा सवाल. नंबर गेला तर पंचायतींची कामं जाणार. मी उत्तर दिलं, अधिकाऱ्यांना भेटलो. माणूस सरळ होता. बुधवारी सकाळी पुन्हा येतो म्हणाला.

मी अण्णांना बजावलं, “बुधवारी घर सोडायचं नाही. काही झालं तरी.”

“न्हाय सोडत की.”

त्यांनी तयारीही जोरात केली. अंगणात घोडा उभा केला, कप्पीला साखळी लावली. घोड्यावर नंबराची रंगवलेली पाटी बांधली. स्वतः धुतलेला सदरा घालून खुर्ची टाकून बसले. आणि साडेनऊला फोन वाजला. एका गावाची मोटर जळली होती. टाकी रिकामी होती, आणि शाळेत पोरं आलेली.

काकू नंतर मला सांगत होत्या. “लई येळ फोनकडं बगत बसले. मग उटले. घोडा सोडायला लागले. म्या म्हनलं, सायेब येनार हायत. तर म्हनले, सायबाला पानी प्यायला दे, बसव.”

अधिकारी आले. अंगणात खुर्ची आणि घोड्याच्या पायांचे तीन खड्डे.

“धंदा कुठाय?” त्यांनी विचारलं.

“धंदा गावाला गेलाय,” काकू म्हणाल्या.

यापेक्षा खरं उत्तर कुणालाही देता आलं नसतं. पण अहवालात त्याला जागा नव्हती. नंबर रद्द झाला.

पुन्हा अर्ज करू, मी म्हणालो. अण्णांनी मान हलवली. “सायेब परत येतील. परत कुटं तरी बोर बंद पडंल. मी परत जाईन. मग?”

पुढं पंचायतींनी देखभालीचं काम एका एजन्सीला दिलं आणि एजन्सीनं अण्णांना रोजावर घेतलं. घोडा त्यांचाच, कप्पी त्यांचीच, टेम्पोही त्यांचाच. पण वर्क ऑर्डर आल्याशिवाय मोटरीला हात लावायचा नाही. आता रिटर्नचं काम नाही, त्यामुळं ऑफिसात येणंही थांबलं. त्यांची खुर्ची रिकामी दिसली की मला चुकल्यासारखं व्हायचं.

परवा त्यांचा फोन आला.

“वकीलसायेब, तुमाला नियम ठावं असत्यात. गावचा फोन आलाय. दोन दिस झाले, पानी न्हाय. ऑर्डर काय आली न्हाय अजून. मी जाऊ का?”

या माणसानं मला नाही नाही ते विचारलं होतं, पण निघायला कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

“गेलात तर ते तुम्हाला काढून टाकतील, अण्णा,” मी म्हणालो.

“व्हय.”

मागं टेम्पोचं इंजिन चालू होतं. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नसावं, आणि मलाही ठेववेना. थोड्या वेळानं इंजिन बंद झालेलं मला ऐकू आलं.