उष्टावणाचा दुधी

आमच्या ह्यांना शेतीतलं सगळं कळतं. म्हणजे असं हे स्वतःच सांगतात, गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत, लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला. हे, म्हणजे सहादू, सिन्नरच्या बाजूला तीस वर्षं भाजीपाला पिकवलेला माणूस. आता शेत थोरल्याकडे आणि आम्ही दोघं धाकट्या धनराजकडे, चौथ्या मजल्यावर. वर गच्ची मोकळी. झालं, ह्यांना गच्चीवर शेती करायची हुक्की आली.

हुक्कीला कारण नातू. सुनेला, वैष्णवीला, ऑक्टोबरात मुलगा झाला, म्हणजे उष्टावण एप्रिलात. त्याचा पहिला घास घरच्या दुधीचा, असं ह्यांनी जाहीर केलं. "बाजारातलं काय बी लेकराच्या तोंडी जायला नको. भाजीवर काय काय मारत्यात, मला इचार."

ह्यांना काय विचारायचं? मारणारे हेच. आठवड्याला दोन फवारण्या, आणि दुसऱ्या दिवशी क्रेट गाडीत. घरामागं मोरीच्या पाण्यावर मात्र एक वाफा वेगळा ठेवलेला, घरच्या खाण्याचा. त्याच्यावर औषधाचा थेंब पडायचा नाही. आमच्या गावात असा वाफा घरोघर होता, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तर संक्रांत झाली न् ह्यांनी लगेच बिया लावल्या. थंडी अशी की सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. "तू मला शिकवू नको, कुसा." वीस पिशव्यांतल्या वीस बिया कुजल्या. मग हे बी विकणाऱ्याला शिव्या देत बसले. थंडी ओसरली तशी मी सात बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि गव्हाच्या कोठीत खुपसल्या. चौथ्या दिवशी कोंब आले. पाच रोपं जगली. बिल्डिंगीत बातमी काय, तर सहादूकाकांचा दुधी उगवला.

मार्चात वेल मांडवावर चढले. इतक्या उंच मधमाश्या फिरकेनात, म्हणून रोज संध्याकाळी नराचं फूल तोडून मीच मादीच्या फुलावर टेकवायची. हे खुर्चीत बसून सूचना द्यायचे. एवढं करून उष्टावणाच्या बेताला एकच फळ आलं, पण कोवळं, लुसलुशीत. हे दिवसातून चारदा त्याला बघून यायचे.

उष्टावण रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर गेले तर दारातच औषधाचा वास. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. पाण्याच्या टाकीमागं गावाहून आणलेला फवारणीचा पंप, तोही न धुता ठेवलेला.

"पानावर लाल भुंगे दिसले," हे म्हणाले. "चार होते."

चार भुंगे. चिमटीत धरून चिरडायचे सोडून ह्यांनी अख्खा वेल न्हाऊ घातला. मी काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. दुधी तोडून ह्यांच्या पुढ्यात आपटला आणि सांगितलं, लेकराला तांदळाची पेज भरवीन, हा नाही. म्हातारा रडकुंडीला आला. मला त्यांची कीव आली, म्हणून दुधी फेकला नाही, ओट्यावर ठेवला. त्या किवेचा मला अजून राग येतो.

कारण दुपारी ओट्यावरून दुधी गायब, आणि तिसऱ्या मजल्यावरून ह्यांचा गोड आवाज. जिना उतरून गेले तर हे खाली राहणाऱ्या नाझियाच्या दारात. दुधी स्वच्छ पुसून तिच्या हातात दिलेला. तिचा दोन वर्षांचा इमरान तिच्या कडेवर.

"घरचा हाय पोरी. एक थेंब औषध नाय."

"काका, इतक्या कष्टानं केलेला. बाळाला ठेवा ना," नाझिया म्हणत होती.

मी तो तिच्या हातातून काढून घेतला. "कालच फवारलाय. पोराला देऊ नकोस."

ती ह्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं दार लावून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

वर आल्यावर हे माझ्यावरच उखडले. "परक्यासमोर अब्रू घालवलीस. अगं, वाया कशाला घालवायचा? आपल्या लेकराला थोडाच देत होतो?"

आपण काय बोललो हे ह्यांना खरंच कळत नव्हतं. मी ऐकवणार, तोच हातातल्या पुसलेल्या दुधीकडे लक्ष गेलं. फवारायचे हे, पण दुसऱ्या सकाळी एकेक दुधी तोडून, फडक्यानं पुसून, चकचकीत बाजू वर करून क्रेटमध्ये मांडायची मीच. तीस वर्षं. त्यातला एखादा कुणाच्या उष्टावणाला गेला असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.