बाजारातला कागद, रानातला कागद

प्रचाराची रिक्षा फिरवणाऱ्या त्या माणसाचं नाव मला ठाऊक न्हाय. तोंडात लवंग धरायची, माईकवर दोनदा फुंकर मारायची आन् मग बोलायचं, ही त्याची रीत.

सकाळी कळंबच्या बाजारात तो ओरडत होता, "साहेब मोठा रस्ता आणणारच!" दुपारी आमच्या रानाकडं आला आन् म्हणाला, "साहेब रस्त्याला एक इंच जमीन देणार न्हायत!"

पाणी प्यायला थांबला, तवा म्या इचारलं, "लाज वाटती का रं? ह्यातलं खरं कंचं?"

"आजोबा, बाजारातला कागद येगळा, रानातला येगळा. मी नुसता वाचतो. माझ्यावर कशाला चिडता?"

म्या म्हणलं, "आमच्यात मेलेलं माणूस जाळत न्हायत, पुरत्यात. त्या बांधाला माझी बायको हाय. रस्ता झाला तर तिच्यावरनं जाईल. सांग, मत कुणाला देऊ?"

त्यानं तांब्या खाली ठिवला. बांधाकडं बघितलं. मग रिक्षा चालू केली, पण भोंगा बंद. माझं रान संपंस्तवर एक शब्द बोलला न्हाय.

त्याला माझी दया आली, का रस्ता होणार हे त्याला ठाऊक हाय? लई इचार केला, उमगंना. परवा मत द्यायचंय.