शाफ्टवरचा दोरा

भोसरीत बढाई मारणं हा कामाचाच भाग असतो. सकाळी लेथवर पहिला जॉब चढवण्याआधी दोन थापा मारल्या नाहीत तर टूल थंड ठेवणारं कुलंटसुद्धा नीट वाहत नाही. आमचे उस्ताद सांगायचे की ते भोकात फुंकर मारतात आणि आवाजावरून व्यास ओळखतात. एकदा म्हणे एक जपानी गेज, म्हणजे मापयंत्र, त्यांच्यापुढे खोटं पडलं आणि त्या गेजने त्यांची माफी मागितली. आम्ही माना डोलवायचो. वहीत कोणी लिहून घेत नसे.

जर्मनीत लिहून घेतात.

हायडेलबर्गपासून बसने पाऊण तासावरच्या एका गावात आमचा कारखाना. पंपांचे शाफ्ट बनवायचे. चाळीस माणसं, त्यात मराठी एक. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी माइस्टरला, म्हणजे शॉप सांभाळणाऱ्या आमच्या मुख्य माणसाला, सांगून बसलो की धातूवरून नख फिरवलं की मला खरखरीतपणा मायक्रॉनमध्ये कळतो. खरं म्हणाल तर नखाला गुळगुळीत आणि खरखरीत एवढंच कळतं, आणि ते कोणाच्याही नखाला कळतं. मायक्रॉन मी चवीपुरते घातले होते. माइस्टरने ब्रेड चावणं थांबवलं, "आल्झो," म्हणजे 'अस्सं तर', म्हणाला, आणि खिशातून छोटी वही काढली.

मला तेव्हा सहा महिन्यांचा प्रोबेझाइट होता. म्हणजे परीक्षेचा काळ. तेवढ्या काळात कंपनी कारण न सांगता दोन आठवड्यांची नोटीस देऊन तुम्हाला घरी पाठवू शकते. बायको पुण्यात शाळेत गणित शिकवत होती. ठरलं असं होतं, की सहाव्या महिन्याचा शेवटचा शुक्रवार पार पडला की ती राजीनामा देईल आणि लेकीला घेऊन इकडे येईल. त्यामुळे रोज फोन.

"काही कळलं का?"

"अगं, मी एक दिवस गेलो नाही तर हे गाव बंद पडेल."

"पडू दे. काही कळलं का?"

कळायला काही नव्हतंच, म्हणून मी तिसऱ्या महिन्यात काहीतरी घडवायचं ठरवलं. आमच्या शाफ्टला एका जागी रबरी ऑइल सील बसतं. शाफ्ट कडक केल्यावर ती जागा ग्राइंडिंगने, म्हणजे फिरत्या दगडाने घासून, गुळगुळीत करत. फार वेळखाऊ काम. मी म्हटलं, दगड कशाला, लेथवरच कठीण टूल लावून तो भाग टर्निंगने उतरवू. पाती फिरत्या शाफ्टवरून एकदा सरकली की झालं, चहा गार व्हायच्या आत. करून दाखवलं. यंत्राने मोजलं, सगळं मापात. मालकांनी हात मिळवला. बायकोला मी सांगितलं की मिठी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी माइस्टरने मला बोलावलं. टेबलावर निळ्या फडक्यावर सहा शाफ्ट ठेवले होते.

"गिऱ्हाइकाकडून परत आलेत. पंपातून तेल गळतंय. सील नवं आहे, व्यास बरोबर आहे, खरखरीतपणा बरोबर आहे. यंत्र म्हणतं काही चूक नाही." त्याने वही उघडली, पान शोधलं, बोट ठेवलं. "तू म्हणाला होतास नख फिरवलं की तुला मायक्रॉन कळतात. सांग."

आता माझ्या नखांची हकिकत. सहा महिन्यांच्या काळजीत मी दहाही नखं कुरतडून संपवली होती. पायाच्या बोटांपर्यंत तोंड पोचत नाही म्हणून ती वाचली. तरी मी पहिला शाफ्ट उचलला, डोळे मिटले आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करून बोटाचा मऊ गोळा त्यावर फिरवला. काही कळलं नाही. दुसऱ्यावरही नाही. घाम इतका आला की शाफ्टला गंज चढेल अशी भीती वाटली. वेळ काढायला म्हणून तिसरा शाफ्ट खिडकीच्या उजेडात धरला आणि हळूहळू फिरवला.

त्यावर आटे होते. केसाहून बारीक, पण आटे. टूल सरकत सरकत कापतं, म्हणून टर्निंगची खूण कायम स्क्रूसारखी वळत जाते. ग्राइंडिंगचा दगड सरळ आत येतो, त्याची खूण पुढे चालत नाही. स्क्रू फिरला की तेल त्याच्याबरोबर चालायला लागतं, सीलखालून निघतं आणि बाहेर येतं. गळती माझ्या कल्पनेतून निघत होती.

हे अजून कोणी बोललं नव्हतं. शुक्रवारला तीन दिवस होते. "रबर हलकं आहे," एवढं म्हटलं असतं तर सीलवाल्याला पत्र गेलं असतं, त्याचं उत्तर यायला दोन आठवडे लागले असते, तोवर बायकोचा राजीनामा, विमान, सगळं उरकलं असतं. वाक्य माझ्या जिभेवर जर्मन व्याकरणासकट तयार होतं. पण माइस्टरने पेनाचं टोपण काढलं होतं. मी जे बोलेन ते त्या पानावर मायक्रॉनच्या खाली लिहिलं जाणार होतं.

"दोरा आहे का?" मी विचारलं.

त्याने लॉकरमधून मासे धरायची दोरी आणली. मी तिच्या टोकाला नट बांधला, शाफ्ट लेथवर लावला आणि दोरी शाफ्टवरून लोंबती सोडली. भोसरीत उस्ताद बारीक आटे असेच शोधायचे. त्यांच्या शंभर थापांत ही एक गोष्ट खरी होती. शाफ्ट सावकाश फिरवला. दोरी उजवीकडे सरकू लागली. उलटा फिरवला, तर डावीकडे. कोणी ढकलत नसताना.

माइस्टरने वाकून दोरीकडे पाहिलं.

"हे टर्निंगमुळे आहे," मी म्हटलं.

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर'.

"टर्निंग माझी कल्पना होती."

"ठाऊक आहे. तेही लिहिलंय." त्याने दोन पानं उलटून दाखवलं. "किती शाफ्ट गेले?"

'थोडेच' हा शब्द तोंडात आला होता. "एकशे बारा."

"दुरुस्त होतील?"

"सीलच्या जागी व्यासात सवलत आहे. तीन शतांश मिलीमीटर ग्राइंड केले तरी मापात राहतील. होतील, असं वाटतं."

"वाटतं?"

"एक करून बघतो, मग सांगतो."

असं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो असेन. माइस्टरने भुवया वर केल्या.

"आणि नख?"

"नखाला एवढं कळत नाही."

त्याने खिशातून पट्टी काढली आणि वहीतली ती ओळ पट्टी लावून सरळ खोडली.

बुधवारी मी सहाही शाफ्ट ग्राइंड केले. दोरी जागची हलली नाही. गुरुवारी मालकांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, एकशे बारा हा आकडा दोनदा विचारला, आणि "ठीक आहे, आता जा," म्हणाले. हात पुढे आला नाही.

शुक्रवारी दुपारी बाराला सुटी होते. मी ऑफिसातल्या बाईंना विचारलं, माझं पत्र आहे का.

"कसलं पत्र?"

"प्रोबेझाइट आज संपतो. पास झाल्याचं."

"तसं पत्र नसतं. काढायचं असेल तर पत्र देतात. ठेवायचं असेल तर कोणी काही म्हणत नाही."

"मग मला ठेवलंय?"

"मी काही म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.

म्हणजे काढल्याचं पत्र घरी येऊ शकत होतं. मी बस स्टॉपपासून घरापर्यंत असा पळालो की सायकलवाले मागे पडले, निदान एक म्हातारे सायकलवाले तरी. पत्रपेटीत पिझ्झाचं पत्रक होतं. पोस्टमन अजून यायचा होता. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई अर्धा तास आहेत ऑफिसात," बायको म्हणाली. बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "राजीनामा देऊ का?"

"मला माहीत नाही."

या उत्तराची तिला सवय नव्हती.

"एकशे बारा शाफ्ट माझ्या चुकीने परत येताहेत," मी म्हटलं. "मी स्वतःच सांगितलं. मालक काही बोलले नाहीत. सोमवारी ग्राइंडिंगच्या यादीत माझं नाव आहे. पत्र आलेलं नाही, पण पोस्टमनही आलेला नाही."

"एकशे बारा? खरोखरचे?"

"मोजलेले."

"आणि मालकांनी मिठी मारली होती ते?"

"हात मिळवला होता फक्त."

तिच्या मागून शाळेच्या शिपायाचा कोणाला तरी फाटक लावायला सांगणारा आवाज आला.

"देते मी," ती म्हणाली.

"थांब ना, पोस्टमन येऊ दे."

"पोस्टमनची वाट बघितली तर बाई निघून जातील आणि सोमवारपर्यंत तू मालकांना पुन्हा मिठी मारायला लावशील. देते."

फोन ठेवल्यावर मी पेटीपाशीच उभा राहिलो. पोस्टमन रस्त्याच्या टोकाला दिसला. तो प्रत्येक घरापाशी थांबत, अगदी सावकाश, माझ्या दिशेने येत होता.