शालनचे होकार

खारघरच्या सोसायटीत शालन जगताप दर रविवारी ‘होय’ म्हणायला जायची.

तिचे थोरले दीर धनाजीराव तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात प्राचीन ग्रीक संवादांचं वाचन सुरू केलं होतं. त्या संवादांत अथेन्सचा एक म्हातारा प्रश्न विचारतो आणि समोरचा होकार देत देत खड्ड्यात जातो. म्हातारा भावजींनी स्वतःकडे ठेवला. बाकीचे मेंबर एकेक करून गळाले. उरली शालन, कारण चहा तिच्याकडून यायचा.

“अवघड काही नाही,” भावजींनी समजावलं. “फक्त होय म्हणायचं.”

शालननं मात्र मन लावलं. एक होय पटलेलं, एक घाबरलेलं, एक नुसतं जेवायला उशीर होतोय म्हणून दिलेलं. घरी भाकरी थापताना ती नवऱ्याला सांगायची, “इथंच फसला बघा तो. इथं थांबायचं ना!”

“हो,” हौसेराव टीव्हीकडे बघत म्हणायचे. ते कुठलं हो, हे तिला लगेच कळायचं.

बाकीचे दिवस ती वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर फोन सांभाळायची. ट्रकवाले, गिऱ्हाईक, खुद्द शेठ, तिथं ती कुणालाच पटकन होय म्हणत नसे. पन्नाशीत मिळालेली ही नोकरी तिला फार आवडायची.

एका रविवारी भावजींनी पुस्तक मिटलं, पण आवाज म्हाताऱ्याचाच ठेवला.

“ज्याला जे काम उत्तम जमतं, ते त्यानंच करावं, नाही का?”

“होय,” शालन सवयीनं म्हणाली.

“आपल्या घरात तान्हं मूल सांभाळणं सगळ्यांत उत्तम कुणाला जमतं?”

“मलाच, असं दिसतं.”

“आमची सून नंदिनी आता पुन्हा ऑफिसला जाणार. मग तिच्या बाळासाठी नोकरी कुणी सोडावी?”

शालननं कप खाली ठेवला.

“थांबा भावजी. माझं पहिलं होय मी परत घेते.”

“असं घेता येत नाही.”

“तुमचा म्हातारा घेऊ देतो की! चुकलं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, म्हणतो.”

म्हातारा म्हणतो खरा.

“आता मी विचारते. तुम्ही उत्तम शिकवायचात ना?”

“होय.”

“मग घरी का बसलात?”

“वय झालं. नियम आहे तसा.”

“म्हणजे उत्तम जमतं तेच करत राहायचं, असं काही नाही.”

“तसं... दिसतंय.”

“आणि नोकरी सोडशील का, हे सरळ का नाही विचारलंत?”

भावजींनी पुस्तक उघडून पाहिलं. त्यात उत्तर नव्हतं.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“होय,” शालन म्हणाली. हे पटलेलं होतं.

ती अजून गाळ्यावर जाते. बाळ धनाजीराव सांभाळतात. लंगोट त्यांना धड बांधता येत नाही, पण बाळाची तक्रार नाही. रविवारी तेही वाचनाला येतं. म्हाताऱ्याचे प्रश्न आता शालन वाचते. भावजींची सगळी होय एकाच सुरात येतात, प्रॅक्टिस पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे.