मुळापासून मशीन उभी करणारे गावंडे सर

प्रा. प्रभाकरराव गावंडे सरांची आणि माझी पहिली भेट अमरावतीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, संगणक विभागाच्या दारात झाली; आणि ती काही चांगली झाली नाही. मी अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी बोललो की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी कडक इस्त्रीची साडी आणि तितकेच कडक इंग्रजी घेऊन मी गेले. दारात एक गृहस्थ फरशीवर मांडी घालून, उघड्या संगणकातली धूळ फुंकत बसले होते. विभागप्रमुख कुठे भेटतील, असे मी इंग्रजीत विचारले. मान वर न करता ते म्हणाले, "भेटले ना. बसा. तो पेचकस द्या जरा."

पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. मी तो दिला, पण बसले नाही. ती साडी पांढरी होती.

सर मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. मोठमोठ्या संस्थांत शिकून आले, पण वऱ्हाडी बोली त्यांनी कधी सोडली नाही. विद्यापीठाच्या बैठकीतही ते 'का?' न म्हणता "काहून?" असेच विचारत, आणि त्या एका शब्दाने भल्याभल्यांचे प्रस्ताव बारगळत.

ज्या कामासाठी सरांचे नाव घेतले जाते, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आपण तयार आणतो आणि बसवतो. सरांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती मुभा नव्हती. तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, घ्यायचा, एकेक भाग स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचा, आणि रिकाम्या डिस्कवर सगळी सिस्टीम मुळापासून उभी करायची. आधी ते उतरवणारा कंपायलर, मग सगळ्या प्रोग्रामना लागणारी सामायिक लायब्ररी, मग रोजची अवजारे, शेवटी सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. मी पहिल्याच आठवड्यात सरांना अडवले. कंपायलर बनवायला कंपायलर लागतो, तर पहिला आणायचा कुठून?

"शेजारून," सर म्हणाले. "विरजण शेजारूनच आणतो ना बाई आपण? दुसऱ्या दिवशी मात्र घरच्या दह्याचं लावायचं. मंग शेजारीण कोण आन् आपण कोण!"

पुस्तकात याला पाने खर्ची पडतात.

शेजारच्या, म्हणजे आधीच चालू असलेल्या जुन्या मशीनच्या आधाराने अवजारे तयार झाली, की एक दिवस नव्या सिस्टीमचे दार आतून लावून घ्यायचे. त्यानंतर जुन्या मशीनमधले काही दिसत नाही. जे स्वतः बनवले असेल तेवढेच हाताशी राहते. सर याला "वेगळी चूल मांडणे" म्हणत, आणि ज्या गटाची चूल मांडली जाई त्याने साऱ्या प्रयोगशाळेला कचोरी खिलवायची, हा रिवाज होता. काय बनवायचे राहून गेले, ते नेमके तेव्हाच कळे. एकदा परतवाड्याचा एक विद्यार्थी तोंडात घास असतानाच ओरडला, "सर, कचोरी सरली, पण चूल पेटून नाही राहिली!" सर म्हणाले, "मंग उद्या पुन्हा कचोरी."

चूक झाली की पडद्यावर ओळींचा पूर येई. विद्यार्थी शेवटची ओळ वाचून घाबरत. सर त्यांना वर, अगदी वर न्यायचे. "शेवटची ओळ बोंबलते. पयली ओळ सांगते." ही शिस्त मी पुढे माझ्या घरातल्या भांडणांनाही लावून पाहिली. उपयोग होतो.

सरांचा खरा स्वभाव मला उज्ज्वलामुळे कळला. ही चांदूर बाजारची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली अतिशय हुशार विद्यार्थिनी. विद्यापीठाची समिती दुसऱ्या दिवशी यायची होती आणि या गुणी मुलीने नवी लायब्ररी कुठे बसवायची ती जागाच मशीनला सांगितली नाही. जागा रिकामी राहिली, की नवी लायब्ररी नव्या डिस्कवर न जाता चालत्या मशीनच्या उरावर बसते. तशी ती बसली. विभागातली सर्वांत चांगली मशीन साधी फायलींची नावेही दाखवेना. उज्ज्वला ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

"काहून रडून राहिली व पोरी?" सरांनी विचारले. "मशीन बिघडली ना? तू तं नाही बिघडली. डोये पूस आन् सांग, पयले काय बंद पडलं?"

तिने सांगितले. सरांनी सगळ्यांना भोवती बोलावले आणि ती मशीन कशाकशाने आणि कोणत्या क्रमाने गेली, ते तिच्याकडूनच वदवून घेतले. समितीसमोर मशीन बंदच राहिली. पुढच्या वर्षीपासून सरांनी ती चूक अभ्यासक्रमातच घातली: प्रत्येक गटाने एक जुनी मशीन मुद्दाम अशी मारायची आणि मग जिवंत करायची. विद्यार्थ्यांनी त्याला "उज्ज्वला प्रॅक्टिकल" हे नाव दिले. बिचारी सरांकडे तक्रार घेऊन गेली तर सर म्हणाले, "आमच्या नावानं तं काहीच नाही निघालं आजवर. तू कायले रडतं?"

माझी आई अकोल्यात आजारी होती तेव्हा मी रोज जाऊन-येऊन करत होते. सकाळचे तास हुकत. माझ्या पगाराला किंवा रजेला कुठे ओरखडा उमटला नाही, याचे मला आश्चर्य वाटे. नंतर कळले, सर न सांगता माझे तास घेत होते. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कायचे? तुमचं इंग्रजी पोरायले समजावून सांगायची संधी भेटली." आईच्या तेराव्यानंतर वर्गात गेले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, अजून थोडे दिवस सरच राहू द्या ना!" मी त्याला बाहेर काढले. कितीतरी दिवसांनी मी हसले होते, ते त्याने पाहू नये म्हणून.

निवृत्तीनंतरही सर मानधनाशिवाय ती प्रयोगशाळा चालवत राहिले. मग नव्या व्यवस्थापनाला साक्षात्कार झाला, की जे तयार मिळते ते बनवायला शिकवण्यात वेळ वाया जातो. तयार पोळ्याही मिळतात. म्हणून कणीक मळणे कोणी गैर ठरवलेले नाही. सरांना साधे विचारलेही नाही. मशीनी भंगारात गेल्या आणि तिथे आता मऊ खुर्च्यांचे सभागृह आहे, ज्यात पाहुणे "मूलभूत ज्ञानाचे महत्त्व" या विषयावर बोलतात. हा मजकूर वगळावा, असे या गौरवग्रंथाच्या समितीने मला सुचवले आहे. मी निवृत्त आहे. माझी कोणती वेतनवाढ रोखणार?

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले. अमरावतीच्या कॅम्पमधले त्यांचे घर बंद आहे. संध्याकाळी फिरायला निघाले की पाय तिकडेच वळतात. फाटकाला गंज चढतो आहे. मला सरांच्या व्याख्यानांची आठवण येत नाही. आठवते ती प्रयोगशाळेतली दुपार. कंपाइल चालू आहे, पडद्यावर ओळी सरसर वर चालल्या आहेत, कूलर घरघरतो आहे, कोणी बोलत नाही, आणि सर पाठीमागे हात बांधून एकेका पडद्यासमोर थांबत पुढे जात आहेत. मग कुठल्या तरी कोपऱ्यात काळ्या पडद्यावर एकटाच शब्द उमटे, 'लॉगिन', आणि त्या कोपऱ्यातली मुले ओरडायचेही विसरत. असे काही पुन्हा पाहायला मिळावे म्हणून माझा जीव तुटतो आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

घर दिवाळीनंतर विकायचे घाटते आहे. एकदा ते विकले गेले, की सर परत येणार नाहीत. म्हणून जे करायचे ते आत्ताच. उज्ज्वलाने जुन्या विद्यार्थ्यांना गाठून मशीनी जमवल्या, आणि त्या माझ्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या आहेत. सोफा मी काढून टाकला. शिकायला मुलेमुली तयार आहेत. शिकवणारा हवा. परवा मी सरांना फोन करून स्पष्टच विचारले, "येता की नाही?"

"बाई, डोये आता साथ देऊन नाही राहिले माहे. पडद्यावरची अक्षरं हालतात."

"अक्षरे आम्ही मोठी करू."

"आन् अक्कल?"

"ती तुमच्याकडे आहे, आणि पुण्यात वाया चालली आहे."

सर हसले नाहीत. मग म्हणाले, "खोलीत ऊन कोणत्या अंगानं येते?"

"पश्चिमेकडून."

"मंग त्या भिंतीले मशीनी लावू नका. आन् मांगं हात जाईन येवढी जागा ठेवजा."

सरांनी होकार दिलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. त्याच दुपारी मी टेबले मात्र भिंतीपासून ओढून घेतली. सरांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभावे, ही या ग्रंथात लिहिणाऱ्या सर्वांचीच इच्छा असणार. माझी तिला एवढीच पुस्ती, की ते त्यांना अमरावतीत लाभावे, आणि दिवाळीच्या आत.