साहेबांचं बोलणं संपेपर्यंत

अग्निशमन केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मी वायरलेसवर बसते. बसते असं आपलं म्हणायचं. आगीची वर्दी आली की मला खुर्चीत बसवत नाही.

त्या दुपारी सदाशिव पेठेत तळघरातल्या एका अभ्यासिकेत धूर कोंडला होता. कुणी मागे राहिलंय का ते बघायला आमचा एक जवान पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून आत उतरला होता. वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि बोलत होते आमचे साहेब, रस्त्यातूनच. गाड्या कुठे लावा, गर्दी हटवा, पंप कुणी चालू केला, का केला. बोलायचं बटण त्यांनी दाबूनच धरलेलं, मग दुसऱ्याचं ऐकू येणार कसं? जवानाची हवा संपत आली असणार, आणि त्याचा आवाज नाही. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरला मोबाईल लावून मी ओरडले, "अहो, त्यांना आधी बटण सोडायला सांगा!"

बटण सुटलं तेव्हा कुठे आतून खोकला ऐकू आला. दोघा जवानांनी त्याला जिन्यावरून ओढत बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्याच्यावर तुटूनच पडले. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली तरी गप्प का बसलास?

"साहेब बोलत व्हते ना ताई. मधी कसं बोलणार?"

दोन मुलींचा बाप आहे तो. मला रागही आला आणि रडूही.

पुढे वायरलेसचे नवे सेट आले. त्यांवरचं नारिंगी बटण दाबलं की बाकीच्यांचं बोलणं तुटतं आणि फक्त तुमचं ऐकू येतं. साहेबांनी नारळ फोडून भाषण केलं, तेही लांबलचक. माझ्या मनाला काही चैन पडेना. मग कात्रजला एका रिकाम्या गोदामात धूर करून सराव झाला, तेव्हा मी मुद्दाम गेले. साहेब सेटवर बोलत राहिले. हवा संपत आल्याच्या शिट्ट्या वाजल्या, तरी आत गेलेल्यांपैकी एकानेही नारिंगी बटण दाबलं नाही. बरा होऊन आलेल्या त्या जवानानेसुद्धा नाही.

मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, आता आपण आत जा. मी बोलते."

साहेब मास्क चढवून खरंच आत गेले. मी सेटवर सुरू झाले: चौकातलं ट्रॅफिक, कॅन्टीनचा चहा, तोंडाला येईल ते. दोन वाक्यंही झाली नसतील, माझा आवाज तुटला आणि साहेबांचा आला.

मी जवानांकडे वळले. "बघितलंत? असं दाबायचं."