शाईच्या तीन रेघा

"आधी जरा चालून दाखवा."

ठाण्याच्या आमच्या दवाखान्यात कापाकापीसाठी माणूस दाखल झाला की भुलीचं औषध देणारे आमचे गृहस्थ त्याला पहिलं वाक्य हे ऐकवत. माणूस मुतखड्यानं वाकलेला असो की गळवानं लंगडत असो, सुटका नव्हती. अगदीच पाऊल टाकता येत नसेल तर त्याला खाटेवर बसवून दहा वेळा हात वरखाली करायला लावत. बाकीच्यांना घेऊन ते दरवाजातून निघत, तलावापर्यंत जात आणि परत येत. वाटेत गप्पा चालू. मुलं किती, थोरला काय करतो, यंदा भात कसा आला. माणसाला वाटे, काय अगत्यशील डॉक्टर आहे! अगत्य होतंच. पण त्यांचं लक्ष उत्तराकडे नसे. उत्तर देताना दम कुठं तुटतो, तेवढंच ते ऐकत. "थोरला" म्हणून जो थांबला आणि श्वास घेऊन मग "शेती करतो" म्हणाला, त्याच्याबद्दल ते सुरी चालवणाऱ्या आमच्या गोऱ्या साहेबांना सांगत, "याला थोडं, आणि सावकाश."

त्यांचं नाव मी सांगत नाही. गावात त्यांना सगळे भूलवालेच म्हणत, आणि तेवढं पुरे आहे. मी तिथं ड्रेसर होतो. म्हणजे जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या. क्लोरोफॉर्म येऊन तशी बरीच वर्षं झाली होती, पण लोकांना अजून त्याचा भरवसा नव्हता. ज्या झोपेतून माणूस सुरी लागूनही उठत नाही, त्या झोपेतून तो मग उठणार कसा, असा त्यांचा सवाल असे. सवाल चुकीचा नव्हता. यंत्र म्हणावं असं आमच्याकडे काहीच नव्हतं. टॉवेलाची एक शंकूसारखी घडी, थेंब थेंब पाडायची बाटली, आणि भूलवाल्यांची दोन बोटं, दोन कान, दोन डोळे. डाव्या हाताची बोटं रोग्याच्या मनगटावर, उजव्या हातात बाटली आणि मान अशी वाकडी की कान रोग्याच्या तोंडाशी. पोपट काय म्हणतो ते ऐकायला माणूस पिंजऱ्याशी वाकतो ना, अगदी तसे दिसत.

भूल किती चढली हे ओळखायची त्यांची एक खास रीत होती. ज्याला जे तोंडपाठ, ते त्याला म्हणायला लावायचं. चेंदणीच्या एका कोळणीच्या काखेत गळू झालं होतं. तिला म्हणाले, "बाजारात बसलीस असं समज आणि मासळी वीक." टॉवेल नाकाशी आला तशी ती ओरडायला लागली, "बोंबील ताजं! ए बाय, हात नको लावू, घ्यायचं असंल तं घे!" आम्ही सगळे उगीचच दोन पावलं मागं सरलो. थोड्या वेळानं तिचा आवाज उतरला. "घे ना बाय… घे…" आणि मग नुसताच "घे…" भूलवाल्यांनी पापणीला बोट लावून पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "आता चालू द्या. बाजार उठला."

कल्याणचे एक वकील आले होते. ते म्हणाले, मी स्तोत्र म्हणेन. दोन श्लोक शुद्ध म्हटले, आणि तिसऱ्यात स्वतःच्या थोरल्या भावाला वाटणीतल्या आंब्याच्या झाडावरून अशा शिव्या घातल्या की साहेबांनीही मान वर केली. जागे झाल्यावर वकिलांनी चाचरत विचारलं, "मी काही… बोललो का हो?"

"स्तोत्र म्हणालात," भूलवाले म्हणाले. "उच्चार फार स्वच्छ आहेत आपले." आणि तो आंबा त्यांनी पुढं कधी कोणापाशी काढला नाही. मी एकदा हसत हसत काढला, तर माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

दवाखान्याबाहेर मात्र ते जरा त्रासदायकच होते. तुम्हीही असा एखादा धंद्यात मुरलेला माणूस पाहिला असेल, की सोनार असला तर लग्नात नवरीकडे न पाहता तिच्या पाटल्याच बघत बसतो. दुपारच्या पुराणाला भूलवाले मुद्दाम मागं बसत. पुढं कथा रंगे आणि मागं यांचे डोळे पेंगणाऱ्यांवर. एकदा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "तो खांबाला टेकलेला घोरतोय ना, त्याचा श्वास मध्येच अडकतो बघ. त्याला सांगून ठेव, कधी भूल घ्यायची पाळी आली तर मला आधी कळव म्हणावं." पुण्य मिळवायला आलेल्या माणसाला असलं काही कसं सांगायचं? मी सांगितलं नाही.

आणि त्यांचा सगळ्यात कडक नियम पोटाचा. सकाळी कापायचं असेल तर रोग्याच्या पोटात काही असता कामा नये. भुलीत उलटी होते, आणि अन्न श्वासनळीत गेलं की माणूस हातचा जातो. हे लोकांना पटवणं महाकठीण. आपल्याकडे परीक्षेला निघालेल्या मुलालासुद्धा कोणी उपाशी पाठवत नाही, मग सुरीखाली जाणाऱ्याला कोण पाठवील? त्यामुळे ते रोग्याला विचारतच नसत. बाहेर जी कोणी आई, बायको, बहीण डबा पदराखाली धरून बसलेली असे, तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसत आणि सुखदुःखाचं बोलता बोलता हळूच काढून घेत.

एकाच माणसाच्या बाबतीत त्यांनी हे केलं नाही, आणि तो माणूस मी.

पट्टी शिवताना माझ्या उजव्या हाताच्या बोटात सुई गेली. तिसऱ्या दिवशी तळहात फुगला, ताप भरला आणि मनगटाकडे लाली सरकायला लागली. साहेबांनी पाहिलं आणि सांगितलं, उद्या सकाळी आठला आत खोल चिरा द्यायचा, नाहीतर विष वर चढेल आणि हात कापावा लागेल. पट्ट्या बांधणाऱ्याचा उजवा हात गेला की त्याचं काय राहतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरात आई, बायको आणि दोन मुली होत्या.

सकाळी निघताना आईनं हातावर दही-साखर ठेवली. ती नाकारायची नसते. मग म्हणाली, "दह्याबरोबर दोन घास भात घे. तीन दिवस पोटात काही नाही तुझ्या." शंभर रोग्यांना मी स्वतः बजावलं होतं. पण तिनं भाताचा वाडगा पुढं केला, आणि माझ्या मनात आलं, परत आलोच नाही तर हिच्या जन्माला रुखरुख राहील की लेकाला उपाशी पाठवला. मी जेवलो. तिशी उलटलेला, मिशा असलेला, दवाखान्यातला माणूस मी, मुकाट्यानं जेवलो.

टेबलावर आडवा झालो. भूलवाल्यांनी टॉवेल हातात घेतला, माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाले, "जीभ दाखव." मी दाखवली.

"दही?"

"हातावर एवढंसं."

"आणि भात?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटांखाली नाडी अशी उसळली की ती मलाच कळली. "किती खाल्लास?" त्यांनी विचारलं.

"चार घास."

त्यांनी बोटं उचलली नाहीत.

"वाडगाभर," मी म्हणालो.

त्यांनी बाटलीला बूच लावलं. "साहेब, सहा तास थांबावं लागेल."

साहेब हात धुऊन तयार होते. त्यांना दहाच्या गाडीनं कल्याणला दवाखान्याची तपासणी करायला जायचं होतं. ते भडकले. "लाली चढतेय. सहा तासांत याचा हात जाईल."

"आत्ता भूल दिली आणि भात वर आला तर माणूसच जाईल."

"मग भुलीशिवाय करू. धरा त्याला."

"तळहाताचं काम आहे, साहेब. जरा हलला तर बोटं कायमची जातील. अगदीच वेळ आली तर तसं करू, पण आधी नाही."

"हात गेला तर तुमच्या नावावर लिहीन मी."

"लिहा, साहेब," ते म्हणाले आणि बाटली कोटाच्या खिशात टाकली. साहेब निघून गेले. एका असिस्टंटानं साहेबाला असं सांगावं, म्हणजे नोकरी पणाला लावणंच होतं. आणि ती माझ्या वाडगाभर भातापायी.

मग त्यांनी बोरू आणि दौत मागवली. माझ्या हातावर लाली जिथं संपत होती तिथं, मनगटाशी, शाईची एक रेघ ओढली. दुसरी हाताच्या मध्यावर. तिसरी कोपराच्या अलीकडे. "तिसरी ओलांडली की मी साहेबांची वाट बघणार नाही. मीच चिरेन, भुलीशिवाय. तू हवा तेवढा ओरड." हात उंच टांगला आणि अळशीच्या गरम लगद्याचं पोटीस बांधायला सुरुवात केली.

एवढ्यात बाहेर बाकावर बसलेल्या आईला कळलं. ती आत येऊन रडायला लागली. "मीच दिला हो डॉक्टर. उपाशीपोटी कसा पाठवू त्याला?"

"आईनं द्यायचंच असतं," भूलवाले म्हणाले. "चूक माझी. घरचा माणूस म्हणून मी तुमच्यापाशी येऊन विचारलं नाही." आणि तिला कामाला लावलं. खिडकीच्या गजाची सावली जमिनीवर पडली होती. ती एकेक फरशी ओलांडेल तेव्हा मला सांगा म्हणाले. त्यांच्या खिशात चांगलं चालू घड्याळ होतं. पण आई डोळे पुसून त्या सावलीवर अशी नजर लावून बसली की मुंगीची हिंमत नव्हती मध्ये यायची.

बाराच्या सुमाराला लालीनं पहिली रेघ ओलांडली. "पुढं गेली," मी म्हणालो. "दिसतेय," ते म्हणाले आणि खांद्याची पट्टी कशी बांधतात ते मला तोंडी विचारायला लागले. मी चुकलो तर रागावले, जसा काही मी उमेदवारीला बसलो होतो. दीडला दुसरी रेघ गेली. तेव्हा मात्र त्यांनी पट्टी विचारली नाही. दर थोड्या वेळानं पोटीस बदलत राहिले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघूनच मी तिथं पडून राहिलो.

दोन वाजले तेव्हा सहा तास भरले. साहेबांची परतीची गाडी अडीचला. ते टांग्यातून उतरून तडक आत आले, तेव्हा लाली तिसऱ्या रेघेच्या बोटभर अलीकडे होती. साहेबांनी रेघा पाहिल्या, आईकडे पाहिलं आणि कोट काढला.

"म्हण, काय पाठ आहे तुला?" भूलवाल्यांनी विचारलं. मी पट्ट्यांची नावं म्हणायला लागलो. पाचव्यापुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा हात जागेवर होता आणि पाचही बोटं होती. वॉर्डात काम करणारी आगरी बाई मला सांगत होती, "तुजा डोका त्याही कुशीला धरला, पोटातना निस्ता पानीच आला. सकालचा भात असता तं गेलाच असतास!" आई टेबलाच्या पायाशी बसली होती आणि कोणाकोणाला नमस्कार करत होती, त्यांत साहेबही आले.

साहेबांनी पुढं काही लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. एवढं पाहिलं की त्या दिवसापासून टेबलाशी उभे राहिले की ते आधी भूलवाल्यांकडे बघून एकच मराठी शब्द उच्चारत, "भात?" भूलवाले नकाराची मान हलवत, मग सुरी उचलली जाई.

त्यांनी मला भुलीचं काम शिकवलं. तलावापर्यंतच्या फेऱ्या, मनगट, श्वास, पापणी, सगळं. पेन्शन घेऊन ते खडवलीला भावाच्या घरी गेले, आणि मी बदलीवर कल्याणच्या दवाखान्यात भूल द्यायला लागलो. अधूनमधून त्यांना भेटून येई. नदीवर पोहणाऱ्या मुलांचा दम मोजत बसलेले असायचे. मग एका आषाढात निरोप आला की ते गेले. झोपेतच गेले.

त्यानंतर कधीतरी कल्याणला एका तरुण बाईच्या पोटातलं गळू कापायचं होतं. ताप फार होता, नवे डॉक्टर घाईवर आले होते. मी बाहेर बाकावर तिच्या आईशेजारी जाऊन बसलो आणि इकडचं तिकडचं बोललो. "नाही हो, जेवण कुठलं," ती म्हणाली. "पेजच पाजली, वाटीभर. आत्ताच."

आत येऊन मी डॉक्टरांना म्हणालो, "सहा तास थांबावं लागेल."

"गळू आत फुटलं तर?" ते म्हणाले. "जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हणालो, आणि बाहेर जाऊन पुन्हा त्या बाकावर बसलो आणि माझीच धावती नाडी मोजत राहिलो. पोरीची आई माझ्याकडे बघत होती, म्हणून चेहरा नेहमीसारखा ठेवला. पोरगी वाचली, चांगली खणखणीत बरी झाली. पण ते सहा तास मी जन्मात विसरणार नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या हाताशी बसलेल्या त्या माणसाला भीती अशी वाटलीच नव्हती. त्या बाकावर मला कळलं की ते किती घाबरले असतील. उठून खडवलीला जावं आणि त्यांना हे सांगावं असं फार वाटलं, पण त्यांना जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते.